गरम वाफा, एमएसचा अटॅक आणि मधली गल्लत

संध्याकाळच्या पोळ्या चालल्या आहेत. तव्यासमोर उभं असताना अचानक चेहरा, मान, छाती तापते, घाम फुटतो, धडधडतं आणि चार-पाच मिनिटांत सगळं ओसरून उलट थंडी वाजते. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच तव्यासमोर उजवा पाय जड होतो, नजर धुरकट होते आणि पंख्याखाली अर्धा तास बसलं की पुन्हा नीट. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असलेल्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईच्या वाट्याला दोन्ही येतं. घरात मात्र दोन्हीचं निदान एकच होतं: ‘उष्णता झालीय.’

पहिला प्रकार म्हणजे गरम वाफा, पाळी जाण्याच्या वयाचा. इस्ट्रोजेन कमी-जास्त होऊ लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि जराशा उष्म्यानेही घाम काढायला लावतं. दुसरा एमएसचा. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जातो, आणि अंगाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी अडखळतो. 1890 मध्ये विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने व्यायामानंतर रुग्णांची नजर अंधुक होते हे टिपलं, म्हणून याला उथॉफचं नाव मिळालं. यात नवी इजा होत नाही, अंग थंड झालं की सगळं मूळ पदावर येतं. हे आधी कळलं तर किती बायकांची भीती वाचेल! अर्थात गरम वाफ आली आणि तिनेच पाय जड केला, असंही होतं. तेव्हा दोन्ही खरं असतं.

खरा अटॅक याहून वेगळा. नवं लक्षण, किंवा जुनंच पण बळावलेलं, निदान 24 तास सलग टिकतं, आणि त्यामागे ताप किंवा संसर्ग नसतो. एका डोळ्याने अंधुक दिसतं आणि डोळा हलवला की दुखतं, कमरेखाली बधिरता चढते, चालताना तोल जातो. असं झालं तर न्यूरॉलॉजिस्टना त्याच दिवशी फोन करा.

इथे सगळ्यात जास्त फसवते ती लघवी. पाळी गेल्यावर मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं आणि संसर्ग सहज होतो. एमएसमध्ये मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, म्हणून पुन्हा संसर्ग. जळजळ जाणवेलच असं नाही. कधी नुसते पाय गळतात आणि अटॅक आल्यासारखं वाटतं. म्हणून अटॅकवरचं स्टिरॉइड सुरू करण्याआधी लघवीची तपासणी व्हायलाच हवी. वारंवार संसर्ग होत असेल तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम कामाला येतं, पण त्याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायचं सुचत नाही.

थकवा आणि विसरभोळेपणा यांत मात्र रेषा पुसट आहे. रात्री घामाने भिजून तीनदा जाग येत असेल, तर आधी त्या वाफांवर उपचार करून पाहावा. पुरेशी झोप होऊनही दुपारपर्यंत हातपाय शिशाचे होत असतील तर एमएसचा संशय जास्त. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12 यांची तपासणी दोन्ही बाबतीत करावीच.

पाळी गेल्याने एमएस बळावतो का? शंका अनाठायी नाही. 1998 मध्ये 12 युरोपीय देशांतल्या 254 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत अटॅक खूप कमी झाले आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढले, असं दिसलं. म्हणजे स्त्रीच्या शरीरातल्या बदलांचा या आजाराशी संबंध आहेच. पण पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास अटॅक कमी होऊन आजार हळूहळू पुढे सरकू लागतो, तो पुरुषांतही, आणि त्यांना पाळी नसते. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते, त्यामुळे दोन्ही घड्याळांचे ठोके एकाच वेळी पडतात. पाळी गेल्यावर वेग वाढल्याचं काही अभ्यासांत आढळलं, काहींत फरक दिसला नाही. मला वयाचा वाटा मोठा वाटतो.

हार्मोन उपचार एमएस असला म्हणून वर्ज्य नाहीत. ते वाफा, झोप आणि हाडांसाठी. एमएसच्या औषधाची जागा ते घेत नाहीत, आणि ती औषधं परस्पर बंद करू नयेत. चालणं कमी झालेलं असेल तर रक्ताच्या गुठळीचा धोका असतो, म्हणून गोळीऐवजी पॅच किंवा जेलचा विचार होतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर प्रश्न वेगळा.

आणि हाडं. अटॅकसाठी घेतलेले स्टिरॉइडचे कोर्स आणि पाळी जाणं, दोन्ही हाडं पोकळ करतात. वर पाऊल घसटत असेल तर पडण्याची भीती. न्यूरॉलॉजिस्टना वाटतं स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील, त्यांना वाटतं न्यूरॉलॉजिस्ट सांगतील. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी तुम्हीच मागा.