इंजिनाच्या पोटातली फुंकणी

तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरात मेट्टुपाळयमहून कुन्नूरला जाणारी वाफेची गाडी बेळगावजवळच्या खानापूरच्या माणसाला घरचीच वाटते. तसंच दाट जंगल, तेच बोगदे. फक्त गोव्यात उतरणाऱ्या आपल्या कॅसलरॉक-कुळे घाटात चढ ३७ फुटांना एक फूट. इथे १२ फुटांना एक, म्हणून रुळांमध्ये दातेरी पट्टी. इंजिन मागून ढकलतं. पुतण्या म्हणाला, "काका, चाकं किती छुक्‌छुक् करतात!"

बहुतेकांना असंच वाटतं. पण छुक् येतो धुराड्यातून.

सिलिंडरमधला दट्ट्या (पिस्टन) ढकलून झाल्यावरही वाफेत बराच जोर उरतो. ही वाफ धुराड्याखालच्या पेटीत एका अरुंद तोटीतून सरळ वर सोडतात. घाटात ट्रक भन्नाट गेला की पाचोळा त्याच्यामागे ओढला जातो ना? तसा हा झोत पेटीतला धूर ओढून नेतो. पेटीतला दाब उतरतो. ती पोकळी भरायला बाहेरची हवा धावते, पण वाट एकच: भट्टीतून, मग बॉयलरमधल्या नळ्यांतून. विस्तव फुलतो. आपण चुलीत फुंकणीने हवा ढकलतो, इथे ती पलीकडून ओढली जाते, एवढाच फरक. प्रत्येक छुक् म्हणजे एक फुंकर. दोन सिलिंडरच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार.

आता खरी गंमत. चढ लागला, ड्रायव्हरने जास्त वाफ सोडली, की झोत जोरात, ओढ जोरात, जाळ जोरात, म्हणून वाफही जास्त! मागणी वाढली की पुरवठा आपसूक वाढतो. इंग्रज इंजिनिअर ट्रेव्हिथिकने १८०४ सालीच वापरलेली वाफ धुराड्यात सोडली होती. स्टीफन्सनच्या १८२९ च्या 'रॉकेट' इंजिनामध्ये तिच्या जोडीला २५ नळ्या आल्या. निलगिरीचं इंजिन आणखी काटकसरी: दातेरी टप्प्यावर उच्च दाबाच्या सिलिंडरांतून निघालेली वाफ कमी दाबाच्या सिलिंडरांत जाऊन दातेरी चाकं फिरवते आणि त्यानंतरच फुंकर घालते.

  

हिलग्रोव्हला गाडी पाणी प्यायला थांबली. छुक् बंद, धुराड्यातून बारीक 'सूंऽऽ' मात्र चालूच. "हे काय?" पुतण्याने विचारलं. दट्ट्या थांबला की फुंकरही थांबते, मग जाळ उलटून ड्रायव्हरच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून बॉयलरमधली थोडी ताजी वाफ थेट धुराड्यात सोडून ठेवतात.


पोरगा शिट्टी होईपर्यंत खिडकीबाहेर कान लावून बसला.