नेट गेलं तरी वायफायवरून प्रिंट निघते

‘वायफाय प्रिंटरला इंटरनेट लागतं, नेट गेलं की प्रिंट बंद,’ हा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर कित्येक वर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, कारण दोन्ही गोष्टी त्याच राऊटरमधून येतात.

पण वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. तुमचा कॉम्प्युटर, राऊटर आणि प्रिंटर यांना जोडणारा तो फक्त बिनतारी दुवा. फाइल कॉम्प्युटरकडून राऊटरकडे आणि तिथून थेट प्रिंटरकडे जाते, बाहेर जातच नाही. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता, बघा. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. हे आकडे १९९४ पासून खासगी नेटवर्कसाठीच राखीव आहेत, इंटरनेटवर ते चालत नाहीत.

स्वतः करून बघा. राऊटर चालू ठेवा, ‘वॅन’ (WAN) लिहिलेल्या खाचेतली, म्हणजे बाहेरून इंटरनेट आणणारी, केबल काढा. वेबसाइट उघडणार नाही, प्रिंट मात्र निघेल. अपवाद: क्लाउडमार्फत, म्हणजे इंटरनेटवरच्या सेवेतून, किंवा ईमेलने प्रिंट पाठवत असाल, तर नेट हवंच.

मग प्रिंट का अडते? बऱ्याचदा राऊटर बंद-चालू झाल्यावर प्रिंटरला नवा आयपी मिळतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर फाइल पाठवत राहतो. राऊटरमध्ये प्रिंटरचा आयपी कायमचा राखून ठेवा.