वृद्धाश्रम, वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं गॅस कनेक्शन: कोणाला मिळतं, कागद काय लागतात, नंतर काय सांभाळायचं

जळगाव जिल्ह्यातल्या एका छोट्या वृद्धाश्रमाचे हिशेब आणि कागद मी बघतो. आमच्या ओट्याखाली कित्येक वर्षं लाल टाकी होती. बावीस माणसांच्या भाकरी, वरण, एकादशीची भगर, सगळं तिच्यावर. कार्ड मात्र एका जुन्या विश्वस्ताच्या घरचं, पत्ता दुसऱ्याच तालुक्यातला. एका संध्याकाळी रेग्युलेटर बसवताना फुसफुस आवाज आला. टाकीच्या तोंडातलं वायसर चिरलं होतं. स्वयंपाकवाल्या मावशींनी वेळीच टोपण लावलं, त्यामुळे काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सहज एजन्सीत विचारलं, काही झालं असतं तर विमा मिळाला असता का? समोरच्यानं उलट विचारलं, "टाकी कोणत्या पत्त्यावरची?" तिथून आमची धावपळ सुरू झाली. खान्देशात अशा बऱ्याच संस्था असतील, म्हणून हे लिहितो.

घरगुती टाकी संस्थेत का चालत नाही

14.2 किलोची लाल टाकी घरच्या स्वयंपाकासाठी आणि एका कुटुंबाला एक कनेक्शन, असं 2000 सालचा एलपीजी पुरवठा व वितरण आदेश सांगतो. तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे, म्हणजे मोडला तर टाकी जप्त होण्यापासून गुन्ह्यापर्यंत काहीही होऊ शकतं. उज्ज्वला योजनेचं कनेक्शनही कुटुंबातल्या बाईच्या नावावर असतं. ते "समाजसेवाच आहे ना" म्हणून आश्रमात आणून ठेवणं तितकंच चूक. संस्थेला लागते ती व्यावसायिक टाकी, 19 किलोची किंवा मोठ्या भटारखान्याला 47.5 किलोची. घरगुती गॅसवर जीएसटी 5 टक्के, व्यावसायिकवर 18. खर्च वाढतो, खोटं कशाला बोलू. लाल टाकी टिकून राहते ती याच फरकामुळे.

कोण अर्ज करू शकतं

नोंदणीकृत संस्था किंवा न्यास, मग तो वृद्धाश्रम असो, मुला-मुलींचं वसतिगृह, दिव्यांगांची निवासी शाळा की अक्कलकुवा-धडगावकडची आश्रमशाळा. खाजगी मेस किंवा पेइंग गेस्ट चालवणाराही करू शकतो, तो आपल्या व्यवसायाच्या नोंदणीवर. व्यवस्थापकाच्या किंवा आचाऱ्याच्या वैयक्तिक नावावर घेऊ नका. माणूस नोकरी सोडून सुरतला गेला की कनेक्शन अधांतरी लटकतं.

आता एक मधला प्रकार. काही ठिकाणी वृद्ध जोडपी स्वतंत्र खोल्यांत राहतात, स्वतःचा छोटा ओटा असतो, मदतीला सेवक येतात. असं बिऱ्हाड वेगळं असेल तर त्यांनी आपल्या नावाचं घरगुती कनेक्शन ठेवावं. जुन्या घरी असेल तर ते नव्या पत्त्यावर बदलून घ्यावं. मात्र सामाईक स्वयंपाकघरात ती टाकी नेऊ नये.

कागद

अर्ज इंडेन, भारत गॅस किंवा एचपी गॅसच्या आपल्या भागातल्या वितरकाकडे द्यायचा. सोबत साधारण हे लागतं:

- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन कार्ड. जीएसटी क्रमांक असेल तर तोही.
- कनेक्शन घेण्याचा आणि सही कोण करणार याचा ठराव, अध्यक्ष-सचिवांच्या सहीशिक्क्यानिशी.
- सही करणाऱ्याचं आधार आणि फोटो.
- जागेचा पुरावा: घरपट्टी पावती, ग्रामपंचायतीचा नमुना 8 किंवा लाईट बिल. जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाचं ना हरकत पत्र.

आमचं घोडं अडलं ते ठरावापाशी. ठरावात संस्थेचं नाव "सेवा मंडळ", प्रमाणपत्रावर "सेवा मंडळ ट्रस्ट", लाईट बिलावर जागा देणाऱ्या शेतकऱ्याच्या वडिलांचं नाव, आणि ते वारून दहा वर्षं झालेली. तीन कागद, तीन नावं. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि नाव, पत्ता, गट नंबर बोटानं जुळवून बघा. जागेचा पत्ता म्हणजे जिथे टाकी प्रत्यक्ष राहणार तो, संस्थेच्या शहरातल्या कार्यालयाचा नव्हे.

अनामत भरल्यावर सबस्क्रिप्शन व्हाउचर मिळतं. किती टाक्या, किती रेग्युलेटर, कोणत्या पत्त्यावर, हे त्यावर असतं. पुढे पत्ता बदलताना, कनेक्शन परत करताना हाच कागद मागतात. त्याची झेरॉक्स स्वयंपाकघराच्या फाईलला आणि मूळ कपाटात.

किती टाक्या ठेवता येतात

गॅस सिलिंडर नियम 2016 प्रमाणे एका जागी 100 किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो. 19 किलोच्या पाच टाक्या म्हणजे 95 किलो. सहावी आली की 114 होतात आणि परवान्याचा प्रश्न येतो. तो परवाना पेसो, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना देते, मुख्यालय नागपूरला. लग्नसराईत टंचाई होईल म्हणून दोन जास्तीच्या टाक्या मागवून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे महागात पडते.

दोनपेक्षा जास्त टाक्या एकत्र जोडायच्या असतील तर त्या स्वयंपाकघरात न ठेवता बाहेर, हवेशीर जाळीच्या खोलीत ठेवून धातूच्या पाइपनं गॅस आत आणतात. हे काम वितरकानं सांगितलेल्या जाणकाराकडूनच करून घ्या, गल्लीतल्या प्लंबरकडून नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की वर न जाता जमिनीवरून सरपटतो आणि खड्ड्यात, गटारात साचतो. म्हणून टाकीजवळ उघडं गटार नको, तळघर तर नकोच. टाक्यांवर सावलीही पाहिजे. भुसावळ-जळगावचं मे महिन्यातलं ऊन 45 अंशाला टेकतं, हे वेगळं सांगायला नको.

अग्निशमनाचा कागद

गॅसच्या फाईलशेजारी ही दुसरी फाईल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 लागू असलेल्या इमारतीत आगीची यंत्रणा नीट ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यायचं. जळगाव, धुळ्यात महापालिकेकडे विचारा, नंदुरबार किंवा अमळनेरला नगरपालिकेकडे.

नंतरची देखभाल

टाकी उतरवून घेताना तीन गोष्टी. सील शाबूत आहे का, वजन बरोबर आहे का (काटा डिलिव्हरीवाल्याकडे असायला हवा, मागायला लाजू नका), आणि तपासणीची मुदत. वरच्या कड्याच्या उभ्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. "सी 27" म्हणजे ती टाकी सप्टेंबर 2027 पर्यंत चालेल. मुदत उलटलेली असेल तर परत पाठवा. आमच्या मावशींना लिहिता येत नाही, पण ही अक्षरं त्यांनी पाठ केलीत आणि डिलिव्हरीवाला आता त्यांना वचकून असतो.

नारिंगी सुरक्षा नळीवर आयएसआय खूण बघा. ती पाच वर्षांनी बदलायची, लांबी दीड मीटरच्या आत, जोड द्यायचा नाही. गळती बघायची तर साबणाचं पाणी लावून, बुडबुडे येतात का ते बघून. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत.

निवासी संस्थेत खरी चिंता राहणाऱ्यांची असते. विसरभोळेपणाचा आजार असलेले एक आजोबा आमच्याकडे पहाटे उठून चहा ठेवायचे आणि बर्नर न पेटवताच बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. वयामुळे वासही कमी येतो, त्यांना कळायचंच नाही. तेव्हापासून रात्री रेग्युलेटर बंद करून स्वयंपाकघराला कडी, आणि पहाटेच्या चहाला त्यांच्याजवळ थर्मास. गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेरच बसवा. धुळ्याच्या थंडीत दार-खिडकी घट्ट लावून आंघोळ करताना आत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वासही नसतो.

विमा

तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, त्यासाठी वेगळा हप्ता नाही. गॅसमुळे अपघातात मृत्यू झाल्यास माणशी 6 लाख, उपचारांना माणशी 2 लाखांपर्यंत (एका घटनेत एकूण 30 लाख), मालमत्तेच्या नुकसानीला 2 लाखांपर्यंत. पण मालमत्तेची भरपाई नोंदलेल्या पत्त्यावरच. आमच्या लाल टाकीवर ती शक्यच नव्हती. अपघात झाला तर वितरकाला लगेच लेखी कळवा, पोलिसांत नोंद करा, दवाखान्याची मूळ बिलं जपा. पुढे विमा कंपनीपर्यंत प्रकरण वितरक आणि तेल कंपनी नेतात.

वास आला तर

लाईटचं बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद करून काढायचा, टाकीला टोपण लावायचं (ते दोरीनं टाकीलाच बांधून ठेवा, नाहीतर ऐन वेळी सापडत नाही), दारं-खिडक्या उघडायच्या. वॉकरवाल्यांना आधी बाहेर काढायचं. फोन अंगणात जाऊन करायचा: 1906, चोवीस तास चालू असतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर हा आकडा वीतभर उंचीचा रंगवलाय आणि खाली अहिराणीत: "गॅसना वास उना ते लाईटनं बटन दाबानं नही."