रिदमिक नॉइज टेक्नोच्या पोटी जन्मलं नाही

फाटक्या, खरखरीत ठोक्यांचं ‘रिदमिक नॉइज’ किंवा ‘पॉवर नॉइज’ संगीत नव्वदच्या दशकात जर्मनीत जन्मलं, कुणीतरी टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या नाचाच्या संगीताचा, आवाज वाढवून तो बिघडवला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

१९८० साली माद्रिदमध्ये आर्तुरो लान्स आणि त्याच्या दोन सोबत्यांनी ‘एस्प्लेंदोर जिओमेत्रिको’ हा बँड सुरू केला. १९८१च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांतच सगळं सापडतं: यंत्रासारखा एकच ठेका, त्यावर घासल्यासारखा गोंगाट, मागे दबलेली आरोळी. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या संगीताला ‘टेक्नो’ हे नाव जगभर मिळालं १९८८च्या सुमारास. मग लेकरू आईच्या आधी कसं जन्मेल? त्यांच्याही आधी, १९७५पासून, इंग्लंडमध्ये ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ या बँडने इंडस्ट्रियल, म्हणजे कारखान्यासारख्या गोंगाटाच्या, संगीताची वाट पाडली होती.

जर्मनीचं श्रेय मी नाकारत नाही. ‘अँट-झेन’सारखी लेबलं, म्हणजे ध्वनिमुद्रणं प्रकाशित करणाऱ्या संस्था, आणि १९९९पासूनचा ‘माशिनेनफेस्ट’ हा संगीत महोत्सव यांनी या आवाजाला घर दिलं, टेक्नोचा वेगही तेव्हाच त्यात मिसळला. पण घर देणं म्हणजे जन्म देणं नव्हे.

आणि ‘बिघडवलेला आवाज’ हा शब्द तर मला फार लागतो. ड्रम मशीनचा ठोका सर्किटला झेपेल त्यापलीकडे रेटला की ध्वनिलहरीचे माथे सपाट कापले जातात. त्या कापामुळे मूळ ठोक्यात नसलेले वरचे स्वर उमटतात, नुसत्या ‘धप्’ला धार येते. ती धार कुठवर न्यायची, हे कलाकार कान लावून, एकेक बटण फिरवत ठरवतो.