मर्सिडीज-बेंझ संग्रहालय, श्टुटगार्ट : वास्तुरचना

जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात मर्सिडीज-बेंझच्या उंटरट्युर्कहाइम कारखान्याच्या प्रवेशद्वाराबाहेर उभी असलेली संग्रहालयाची इमारत. बेन फान बेर्केल व कॅरोलिन बॉस यांनी स्थापन केलेल्या ॲमस्टरडॅममधील यूएनस्टुडिओ या वास्तुसंस्थेने तिचा आराखडा तयार केला. संरचनेचे अभियांत्रिकी काम वेर्नर झोबेक यांच्या कार्यालयाने सांभाळले, तर प्रदर्शनाची मांडणी एच. जी. मेर्त्स यांची आहे. मे २००६ मध्ये इमारत लोकांसाठी खुली झाली. त्यापूर्वीचे संग्रहालय कारखान्याच्या आवारातच असल्यामुळे पाहुण्यांना बसने आत न्यावे लागे. नवी वास्तू कुंपणाबाहेर, बी १४ या वर्दळीच्या रस्त्यालगत बांधल्याने कोणालाही थेट चालत आत जाता येऊ लागले.

इमारतीची उंची ४७.५ मीटर असून तिच्या नऊ पातळ्यांवर सुमारे १६,५०० चौरस मीटर प्रदर्शनक्षेत्र आहे. तेथे सुमारे १६० वाहने मांडलेली आहेत. पायाचा आराखडा तिपानी आहे : एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे आणि त्यांच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत मोकळा ठेवलेला त्रिकोणी चौक. या त्रिकोणाची तुलना अनेकदा व्हँकेल इंजिनाच्या (वरखाली सरकणाऱ्या दट्ट्यांऐवजी त्रिकोणी भाग फिरवून चालणाऱ्या इंजिनाच्या) फिरत्या भागाशी केली जाते. मर्सिडीजने असे इंजिन सी १११ या प्रायोगिक गाडीत वापरून पाहिले, पण विक्रीच्या मोटारींत ते कधीच आणले नाही. त्यामुळे या साम्याला प्रतीक म्हणून फारसे वजन देण्याचे कारण नाही. आराखड्याचे खरे प्रयोजन पाहणाऱ्यांच्या वाटेत आहे.

प्रेक्षक चौकातील लिफ्टने थेट सर्वांत वरच्या पातळीवर जातो आणि तेथून उतरत खाली येतो. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात (१९५९) फ्रँक लॉइड राइट यांनी हीच कल्पना वापरली होती, पण तेथे वळणाची वाट एकच आहे. येथे दोन वाटा एकमेकींभोवती गुंफलेल्या असून त्यांचे दुहेरी सर्पिल तयार होते. एक वाट कालक्रमाने जाणाऱ्या सात ‘आख्यायिका’ दालनांची आहे. तिची सुरुवात १८८६ च्या सुमारास मोटारीचा शोध लावणाऱ्यांच्या कार्यापासून होते. दुसरी वाट पाच ‘संग्रह’ दालनांची आहे आणि त्यांत प्रवासी वाहने, मालवाहू वाहने, मदतकार्याची वाहने अशी उपयोगानुसार विभागणी केलेली आहे. पहिल्या वाटेची दालने बंदिस्त असून कृत्रिम प्रकाशात, रंगमंचासारखी मांडलेली आहेत. दुसरीची दालने बाहेरच्या उजेडाला आणि शहराला सामोरी आहेत. दोन्ही वाटांमध्ये ठिकठिकाणी दुवे ठेवलेले असल्याने पाहणारा मध्येच एकीवरून दुसरीवर जाऊ शकतो. दोन्हींचा शेवट शर्यतीच्या गाड्या मांडलेल्या तिरक्या वळणापाशी होतो.

वाट अखंड ठेवायची, म्हणजे मजले एकमेकांपासून तोडायचे नाहीत, हा निर्णय एकदा घेतल्यावर बाकीच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवल्या. भिंत वळत वळत जमीन होते आणि पुढे उतरणीत मिसळते. दुहेरी वक्रता असलेल्या काँक्रीटच्या या भागांना वास्तुकारांनी ‘ट्विस्ट’ म्हटले आहे. हे भागच भार वाहतात, म्हणून ३३ मीटरपर्यंतचे अंतर मध्ये खांब न घेता झाकता आले. ट्रक आणि बस ठेवायच्या दालनात याचा फायदा उघड आहे. पण अशा वळणदार ओतकामासाठी शटरिंगही (काँक्रीट ओतण्याचा साचा) तितकेच वाकडे लागते, आणि नेहमीचे नकाशे व छेद त्याला पुरे पडत नाहीत. त्यामुळे संपूर्ण इमारतीचे त्रिमितीय संगणकीय प्रारूप करून बदल त्यातच करीत काम पुढे नेले गेले. दर्शनी भागावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मधून काचा फिरतात. वक्रता जागोजाग बदलत असल्याने सुमारे १८०० काचांपैकी दोन काचाही एकसारख्या नाहीत.

सर्वांत अवघड प्रश्न आगीचा होता. सर्व पातळ्या मधल्या चौकाशी खुलेपणाने जोडलेल्या असल्यामुळे एका ठिकाणचा धूर सगळीकडे पसरू शकतो, आणि अग्निरोधक भिंती व दारे घातली असती तर अखंड वाटेचा मुद्दाच उरला नसता. त्यावर काढलेला उपाय या इमारतीतील सर्वांत चतुर भाग मानावा लागेल. चौकाच्या भिंतींत बसविलेल्या १४४ तोंडांतून हवेचे झोत सोडले की चौकात कृत्रिम वावटळ उठते. तिच्या मध्यभागी दाब कमी होत असल्याने दालनांतील धूर तिच्याकडे ओढला जातो आणि छतातून बाहेर फेकला जातो. ३४.४ मीटर उंचीची ही वावटळ जगातील सर्वांत उंच कृत्रिम वावटळ म्हणून गिनेस विक्रमांत नोंदली गेली.

जर्मन मोटार कंपन्यांनी त्या दशकात अशा वास्तू जवळजवळ स्पर्धेनेच उभारल्या. म्युनिकचे बीएमडब्ल्यू वेल्ट (२००७) हे कोऑप हिमेल्ब्लाउ या वास्तुसंस्थेचे काम असून त्याचा भर मोठ्या छताखालच्या सभागृहावर आणि ग्राहकांना नवी गाडी सोपविण्याच्या सोहळ्यावर आहे. श्टुटगार्टच्याच त्सुफेनहाउझेन भागातील पोर्शे संग्रहालय (२००९) डेलुगान माइसल या वास्तुसंस्थेने रचले असून त्याचा मुख्य भाग जमिनीपासून उंच उचललेला आहे. बाहेरून ते दोन्ही अधिक लक्षवेधी आहेत. मर्सिडीजच्या इमारतीची रचना मात्र आत शिरून उतरू लागल्याशिवाय उमगत नाही.