रंगांधता आणि निवडक लष्करी दलांतील पात्रता

कमांडो, छत्रीधारी सैनिक, लढाऊ पाणबुडे किंवा वैमानिक अशा कामांसाठी उमेदवाराची रंगदृष्टी कितपत चांगली असावी, हे ठरवणारे वैद्यकीय निकष. रंगांध माणसाला या दलांची दारे सरसकट बंद असतात, असा समज आहे. तो खरा नाही. दोष कोणता, किती तीव्र आणि पुढचे काम काय, यावर निर्णय ठरतो. तपासणी कोणत्या चाचणीने झाली यावरही तो बराच अवलंबून असतो, हे मात्र उमेदवारांना सहसा ठाऊक नसते.

लाल-हिरव्या रंगांधतेची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने हा दोष प्रामुख्याने पुरुषांत आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. यातील बहुतेकांना रंग दिसतात, फक्त जवळच्या छटांत गल्लत होते. डोळ्यांतील रंग टिपणाऱ्या पेशी म्हणजे शंकुपेशी; त्यांपैकी हिरव्या शंकुपेशींतील सौम्य बिघाड सर्वांत जास्त आढळतो. लाल शंकुपेशींचा दोष लष्करी दृष्टीने अधिक अडचणीचा, कारण अशा माणसाला लाल दिवा नुसता वेगळ्या रंगाचा नव्हे, मंदही दिसतो. दूरचा धोक्याचा दिवा त्याच्या नजरेतून निसटू शकतो.

युद्धभूमीवर रंग हा संदेश असतो. विमानाच्या दारातील लाल दिवा म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे उडी. जहाजाच्या डाव्या बाजूचा दिवा लाल, उजव्या बाजूचा हिरवा. रात्री समोरचे जहाज कोणत्या दिशेने चालले आहे ते यावरूनच कळते. रंगीत धुराचे गोळे, फ्लेअर, स्फोटकांच्या तारा, जखमींना लावायच्या पट्ट्या ही यादी आणखी लांबवता येईल. उलट, रात्री दिसण्यासाठी वापरायच्या दुर्बिणीत सारे दृश्य एकाच रंगात दिसते. तिथे रंगांध आणि इतर सैनिक एका पातळीवर येतात. कमांडोंची बरीचशी कामे रात्रीच होतात, हे इथे ध्यानात घ्यावे.

ठिपक्यांत आकडा ओळखण्याची प्रसिद्ध चाचणी शिनोबु इशिहारा या जपानी लष्करी डॉक्टरांनी सैन्यभरतीसाठीच तयार केली. ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. ती फार संवेदनशील आहे. सौम्य दोषही पकडते, पण दोषाची तीव्रता नीट सांगत नाही. शिवाय पाने पाठ करून येणारे उमेदवार असतातच. म्हणून प्रत्यक्ष कामाशी जुळणाऱ्या कंदील-चाचण्या पुढे आल्या. डीन फार्न्सवर्थ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलासाठी घडवलेल्या कंदिलात लाल, हिरव्या व पांढऱ्या दिव्यांच्या जोड्या ओळखाव्या लागत. इशिहारा चाचणीत अडकलेले सौम्य दोषाचे अनेक जण या कंदिलात उत्तीर्ण होत. अलीकडे संगणकावर तिन्ही प्रकारच्या शंकुपेशींची स्वतंत्र गुणमोजणी होते आणि त्यातून दोषाची तीव्रताही कळते.

निकषांची उतरंड पाहिली की एक गोष्ट लक्षात येते: सर्वांत कडक अट बहुधा कमांडोसाठी नसून वैमानिकासाठी असते. अमेरिकी लष्कराच्या छत्रीधारी, रेंजर व स्पेशल फोर्सेस प्रशिक्षणाच्या निकषांत भर ठळक लाल आणि ठळक हिरवा ओळखण्यावर राहिला आहे. इशिहारा चाचणीत नापास झालेला उमेदवारही त्यात बसू शकतो. भारतीय सेनादलांच्या सीपी (कलर परसेप्शन, म्हणजे रंगओळख) श्रेणींत सीपी-१ साठी मार्टिन कंदिलाचे रंग ६ मीटरवरून बारीक छिद्रातून ओळखावे लागतात. सीपी-३ म्हणजे ‘डिफेक्टिव्ह सेफ’ (दोष असूनही सुरक्षित) श्रेणीला हेच अंतर दीड मीटर असून छिद्रही मोठे असते. ब्रिटिश सैन्यातही रंगदृष्टीच्या अशा श्रेणी आहेत. निकष वेळोवेळी बदलत असल्याने उमेदवाराने चालू अधिसूचनाच पाहावी.

रंगांधांना अशी सवलत देण्याविरुद्धचा सर्वांत ठोस दाखला नागरी विमानवाहतुकीतला आहे. २६ जुलै २००२ रोजी फ्लोरिडातील टॅलाहासी येथे एक मालवाहू बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. विमान किती उंचीवरून उतरत आहे हे सांगणारे लाल-पांढरे दिवे ओळखण्यात सहवैमानिकाच्या रंगदृष्टीचा दोष आड आला, असे चौकशीत नमूद झाले. वैमानिकांचा थकवा हेही एक कारण होते. हा सहवैमानिक पूर्वी नौदलात विमाने उडवत असे.

रंगांध सैनिकाला छद्मावरणामागचा शत्रू चटकन दिसतो, ही दुसऱ्या महायुद्धापासूनची आख्यायिका अगदीच निराधार नाही. मॉर्गन, अ‍ॅडम व मॉलन या संशोधकांच्या १९९२ मधील प्रयोगांत, पोत बदललेला भाग फसव्या रंगांनी झाकला असता सामान्य दृष्टीचे लोक फसले, पण रंगांधांना तो दिसला. मात्र प्रयोगशाळेतील या गुणाच्या बळावर भरतीत कोणी सूट मागू नये.

रंगीत भिंगांनी दोष जात नाही. ती फक्त काही छटांतील फरक वाढवतात, आणि भरतीच्या तपासणीत ती सहसा चालत नाहीत. अमेरिकी संशोधक नाइट्झ दांपत्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जन्मतः लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या दोन प्रौढ माकडांना जनुकीय उपचाराने तो भेद दाखवून दिला. त्यांतील एका माकडाचे नाव डाल्टन होते. स्वतःच्याच रंगांधतेवर १७९४ साली निबंध वाचणाऱ्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टनवरून ते ठेवले होते. माणसांतील लाल-हिरव्या रंगांधतेसाठी असा मान्यताप्राप्त उपचार अद्याप नाही.