झोपेचं नाव मिळालेलं पेप्टाइड

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मार्सेल मोनिए आणि त्यांचे सहकारी १९६०च्या दशकात सशांवर प्रयोग करत होते. मेंदूतल्या थॅलॅमस या भागाला ठरावीक पद्धतीने सौम्य विद्युत उत्तेजन दिलं की ससा झोपी जायचा. मग त्यांनी दोन सशांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं आणि त्यातल्या एकालाच झोपवलं. थोड्या वेळाने दुसऱ्या सशाच्या मेंदूलेखातही संथ लाटा उमटू लागल्या. त्याच्या मेंदूला तर कोणी हातही लावला नव्हता! जे काही पोहोचलं होतं, ते रक्तातूनच.

झोप आणणारं रसायन शरीरातच असावं, ही शंका त्याआधीची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जपानमध्ये इशिमोरी आणि फ्रान्समध्ये पिएरों यांनी जागरण घडवलेल्या कुत्र्यांमध्ये अशा पदार्थाचा शोध घेतला होता. बाझलच्या गटाने झोपलेल्या सशांचं रक्त डायलिसिसमधून गाळलं, त्यातले घटक वेगळे करत करत अखेर १९७७ मध्ये त्या पदार्थाची रचना जाहीर केली. ते निघालं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्यात अवघी नऊ अमिनो आम्लं: ट्रिप्टोफॅन, ॲलानिन, ग्लायसिन, पुन्हा ग्लायसिन, ॲस्पार्टिक आम्ल, ॲलानिन, सेरिन, ग्लायसिन, ग्लुटामिक आम्ल. इन्सुलिनमध्ये ५१ असतात, त्यावरून हा रेणू किती चिमुकला ते लक्षात येईल. गाढ झोपेत मेंदूत सेकंदाला चारपेक्षा कमी आंदोलनांच्या डेल्टा लाटा उठतात. त्यावरून नाव पडलं ‘डेल्टा स्लीप इंड्यूसिंग पेप्टाइड’, म्हणजेच डीएसआयपी.

माझ्या मते पुढचा सगळा घोळ या नावाने केला. काम पक्कं सिद्ध होण्याआधीच ते नावात येऊन बसलं.

इतर प्रयोगशाळांनी हे पेप्टाइड बनवून प्राण्यांना दिलं, तेव्हा कुठे झोप वाढली, कुठे काहीच झालं नाही. १९८०च्या दशकात निद्रानाशाच्या रुग्णांना ते शिरेतून दिलं गेलं. सुरुवातीचे निकाल आशादायक होते, पण रुग्ण मोजकेच. १९९२ मध्ये जुनाट निद्रानाशाच्या १६ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खरं औषध कोणाला आणि नकली कोणाला, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. झोप किंचित सुधारली, पण इतकी थोडी की उपचार म्हणून याचा फारसा उपयोग होईलसं वाटत नाही, असा निष्कर्ष संशोधकांनीच काढला.

त्याहून मोठं कोडं वेगळंच आहे. शरीर स्वतः एखादं पेप्टाइड बनवत असेल, तर त्याची कृती एखाद्या जनुकात लिहिलेली असायला हवी आणि पेशींवर त्याला ओळखणारा रिसेप्टर हवा. डीएसआयपीचं जनुक सापडलेलं नाही, रिसेप्टरही नाही. शेजारी ओरेक्झिन ठेवून बघा. १९९८ मध्ये ते सापडलं, तेव्हाच त्याचं जनुक आणि रिसेप्टरही सापडले. ते जागं ठेवणारं पेप्टाइड आहे. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते, माणसाला दिवसाढवळ्या अनावर झोप येते. त्याचा रिसेप्टर अडवणारी झोपेची गोळी २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. शोधापासून गोळीपर्यंत १६ वर्षं. डीएसआयपीची रचना कळून त्याच्या तिपटीहून जास्त काळ उलटला, तरी ते पेशीशी नेमकं कुठे जुळतं हेच आपल्याला सांगता येत नाही. त्यात रक्तातली एन्झाइम्स त्याचे काही मिनिटांतच तुकडे करायला लागतात. मग रात्रभराची झोप ते कशी सांभाळणार?

तरीही ते इंटरनेटवर विकलं जातं. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, वर रबरी बूच, तळाशी पांढऱ्या भुकटीची पातळ चकती. लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’. विकत घेणारा त्यात निर्जंतुक पाणी सोडतो, इन्सुलिनची सुई लावतो आणि पोटाच्या कातडीखाली टोचून घेतो. भुकटी विरघळून पाणी स्वच्छ दिसतं. पण जिवाणूंच्या आवरणातली विषारी द्रव्यं पाण्यात दिसत नाहीत. पेप्टाइड बनवताना एखादं अमिनो आम्ल राहून गेलेल्या अर्धवट साखळ्याही दिसत नाहीत, आणि कुपीत लेबलवर लिहिलंय तेच आहे की नाही, हेही नजरेला कळत नाही.

अभ्यासांत डोकेदुखी, मळमळ, चक्कर असे तात्पुरते त्रासच नोंदले गेले, हे खरं. पण ते मोजक्या रुग्णांवर, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. महिनोन्महिने टोचून घेतलं तर काय, याची नोंदच नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये याला सुरक्षिततेची गंभीर शंका असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं. मुख्य काळजी प्रतिकारशक्तीची: अशुद्धी किंवा एकमेकांना चिकटलेले रेणू शरीराला परके वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. हे कुठवर जाऊ शकतं ते आपण पाहिलेलं आहे. १९९८ नंतरच्या काही वर्षांत, रक्तवाढीचं एरिथ्रोपोएटिन कातडीखाली घेणाऱ्या किडनीच्या काही रुग्णांत अशी प्रतिपिंडं तयार झाली. त्यांनी रुग्णाच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनलाही निकामी केलं आणि तांबड्या पेशी बनणंच थांबलं. ते तर मंजूर, नियंत्रित कारखान्यातून आलेलं औषध होतं. डीएसआयपीने असंच होईल असं मी म्हणत नाही, पण कुपीतल्या भुकटीची तपासणी कोणी केलीय?

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या इंजेक्शनामागे खरा आजार झाकला जाण्याची. झोपेत घसा आकसून श्वास पुन्हा पुन्हा अडत असेल, तर गाढ झोप दर वेळी मोडते आणि आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड राहतं. त्यावर उपाय आहेत, पण आधी निदान व्हायला हवं. जुनाट निद्रानाशासाठीही, २०१६ पासून अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेची पहिली शिफारस गोळीची नाही, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणाऱ्या सीबीटी-आय उपचाराची आहे. तेव्हा कुपी मागवायच्या आधी शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारा: मी घोरतो का, घोरता घोरता मध्येच एकदम शांत होतो का, मग दचकून श्वास घेतो का? आणि जे उत्तर मिळेल ते डॉक्टरांना सांगा.